संत्र्याचा भाव कुठे ठरतो?



नागपुरात, हुडकेश्वरच्या रस्त्यावर, हातगाडीवरची संत्री एकदम स्वस्त झाली,
की आपण खूश होतो.
पण ती स्वस्त का झाली?
कधी कधी त्याचं कारण बांगलादेशात असतं.

हो, बांगलादेशात!
आपल्या संत्र्याचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक तेच.
काटोल, वरुड, मोर्शीच्या बागांत आंबिया बहाराची फळं तोडणीला येतात.
पेट्या भरतात.
ट्रक थेट बंगालच्या सीमेकडे धावतात.

2019 मध्ये बांगलादेशात किलोमागे 20 टका आयात शुल्क होतं; टका म्हणजे तिथलं चलन.
2023 मध्ये ते झालं 88 टका.
गिऱ्हाईक मागे हटलं.
माल इथेच अडला, अन् भाव पडला.
फटका बागायतदाराला बसला.
तोडणीच्या मजुराला बसला.
पेट्या ठोकणाऱ्यालाही बसला.

परकीय व्यापार म्हणतात तो हाच, मंडळी.
बाहेर गिऱ्हाईक, तर गावात पैसा.
शिवाय देशाला परकीय चलन मिळतं.
कच्चं तेल त्यातूनच येतं;
तुमच्या स्कूटरचं पेट्रोलसुद्धा!

पुन्हा सांगते,
बाहेर गिऱ्हाईक, तर गावात पैसा.
पण एकाच गिऱ्हाईकावर किती विसंबायचं?
दुसरं गिऱ्हाईक शोधत 2020 मध्ये नागपुरी संत्री गार कंटेनरमधून दुबईला निघाली.
पण वाट लांबची,
आणि आपल्या संत्र्याची साल भारी नाजूक.