समुद्रावर गेलेली आपली माणसे
(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात केलेले भाषण)



मी तालुका कचेरीतला एक साधा कारकून. शिक्षण एस. एस. सी. पर्यंत. भाषणाची सवय नाही. परंतु मारुतीराया हा समुद्र ओलांडणारा देव. त्याच्या दारात समुद्रावर नोकरी केलेल्या माणसांविषयी चार शब्द बोलावेत, असे मनात आले.

आपल्या जिल्ह्यात ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदामाई बंगालच्या उपसागराला मिळते. १९७१ च्या युद्धात त्याच उपसागरात 'कामोर्ता' या युद्धनौकेचे कप्तान होते मनोहर प्रल्हाद आवटी. त्यांना वीरचक्र मिळाले. पुढे ते व्हाइस अ‍ॅडमिरल होऊन १९८३ साली निवृत्त झाले आणि सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातील विंचुर्णी या खेड्यात येऊन राहिले. भारतीय माणसाने शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांचाच. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून तो पुरा केला. आवटीसाहेब २०१८ साली निवर्तले.

मोठ्या अधिकाऱ्यांची नावे पुस्तकात राहतात. पण ९ डिसेंबर १९७१ रोजी 'खुकरी' बुडाली तेव्हा १८ अधिकाऱ्यांबरोबर १७६ खलाशीही गेले. अशा साध्या खलाशांची हकिकत कुठे राहते? घरच्या पत्र्याच्या पेटीत!

एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावची एक आजी वारसाच्या कामासाठी आली. यजमान नौदलातून निवृत्त झालेले, नुकतेच वारलेले. नोकरीच्या कागदावर आजींचे माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे. मी त्यांना दोनदा परत पाठवले. तिसऱ्या खेपेस त्यांनी पिशवीतून पांढऱ्या गणवेशातला फोटो काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, ह्यांना तरी ओळखता का?" मी खाली मान घातली. प्रतिज्ञापत्राचा मसुदा त्याच दिवशी स्वतः लिहून दिला. तो पहिल्याच दिवशी लिहिता आला असता. चूक माझी होती.

म्हणून हात जोडून दोन विनंत्या. ज्यांच्या घरी माजी सैनिक वा खलाशी आहेत, त्यांनी पत्नीचे व मुलांचे नाव सर्व कागदांवर एकसारखे आहे ना, हे ते हयात असतानाच पाहावे. फरक असल्यास नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. दुसरे, कोण कधी भरती झाला, कोणत्या जहाजावर होता, मागे घर कोणी सांभाळले, ही हकिकत एका वहीत लिहून घ्यावी. तो शेतापासून दूर असताना औत धरणारा भाऊ आणि पत्राची वाट पाहणारी आई, यांचीही नावे त्यात यावीत.

देणगीदारांची नावे आज संगमरवरावर कोरली गेली, हे योग्यच झाले. ती वही समितीने या मंदिरात जपावी, एवढे मागून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!