भटारखान्यातील तपासणी

हैदराबादी हलीमला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली आणि २०१९ मध्ये युनेस्कोने हैदराबाद शहराचा पाककलेचे सर्जनशील नगर म्हणून गौरव केला. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच असल्याने तेथील खाद्यसंस्कृती मराठी माणसास परकी नाही. लग्नाची खरेदी असो वा दवाखान्याचे काम असो, नांदेड-लातूरकडील मंडळी हैदराबादेस गेली की एक वेळचे जेवण तरी बिर्याणीचे होतेच. अशा या शहरात २०२४ च्या उन्हाळ्यापासून तेलंगणाच्या अन्नसुरक्षा आयुक्तांची पथके उपाहारगृहांच्या भटारखान्यात शिरू लागली, आणि तेथे जे आढळले ते छायाचित्रांसह जाहीर करू लागली. मुदत उलटलेले मसाले, उघडी कचरापेटी, झुरळांचा वावर, कृत्रिम रंग, नाव वा तारीख न लिहिता शीतकपाटात कोंबलेले अर्धेकच्चे पदार्थ, आणि कामगारांच्या वैद्यकीय तपासणीचे दाखलेच नाहीत! ज्यांच्या पाट्यांकडे पाहूनच गिऱ्हाईक निश्चिंत होत असे, अशी नामांकित स्थळेही या यादीतून सुटली नाहीत.

अशा याद्या वाचून किळस येते, हे खरे. परंतु किळस हा धोक्याचा विश्वसनीय मापक नव्हे. झुरळ डोळ्यांस दिसते. ज्या जंतूंमुळे माणूस अंथरुणाला खिळतो ते दिसत नाहीत, आणि पुष्कळदा त्यांच्यामुळे अन्नाची चव वा वासही बदलत नाही. त्यांना हवी असते ती दोनच अनुकूलता : कोमट उष्णतेची आणि वेळेची. म्हणूनच थंड अन्न ५ अंश सेल्सियसच्या खाली आणि गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवावे, असा दंडक आहे. या दोहोंमधला पट्टा जंतूंच्या वाढीचा.

या दृष्टीने पाहता हैदराबादचे जुने खाद्य बरेच सुरक्षित होते, असे म्हणावे लागेल. रमजानात हलीमची देग तासन्‌तास भट्टीवर असते, लाकडी घोटणीने ते सतत घोटले जाते आणि वाढले जाते तेव्हाही त्यातून वाफ निघत असते. त्यास निवण्याची सवडच मिळत नाही. बिर्याणीचेही तेच. दम उघडला की पंगत बसे आणि देग रिकामी होई. अडचण सुरू झाली ती धंदा वाढल्यावर. मध्यरात्रीही मागणी येऊ लागली, घरपोच डबे जाऊ लागले. मग मांस मुरवून आदल्या दिवशीच ठेवणे, रश्शाचे वाटण भरभरून शीतकपाटात साठवणे आणि उरलेला भात दुसऱ्या दिवशी गरम करणे ओघाने आले. भाताचे प्रकरण तर विशेष नाजूक आहे. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजे तांदुळाबरोबर येतात व उकळण्यानेही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात, आणि त्यांनी निर्माण केलेले एक विष पुन्हा कढत केले तरी नाहीसे होत नाही. मोठी देग तशीच शीतकपाटात ठेवली तर तिचा गाभा कित्येक तास कोमटच राहतो. भात उथळ परातींत पसरून लवकर निववावा आणि मग थंडीत ठेवावा, एवढा साधा उपाय. पण त्यासाठी जागा लागते, परात लागते आणि रात्री दीड वाजता दमलेल्या पोऱ्याच्या अंगी उत्साह लागतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हैदराबादच्या बंजारा हिल्स भागातील नंदीनगर येथे मोमो खाऊन अनेक माणसे आजारी पडली व एक तरुण स्त्री दगावली. तपासणीत असे दिसून आले की, विक्रेत्यांपाशी परवाना नव्हता. पीठ शीतकपाटात उघडेच ठेवलेले होते आणि त्या शीतकपाटाचे दार मोडलेले होते. मोमोबरोबर दिल्या जाणाऱ्या मेयोनेझकडे साहजिकच बोट गेले. कच्चे अंडे, तेल आणि किंचित आंबट घालून घुसळलेला हा पदार्थ आचेवर चढतच नाही. अंड्यात साल्मोनेला जंतू असला तर त्यास मारील असे काहीच घडत नाही, आणि उकाड्यात उघड्या वाटीत तो तासातासाला वाढत राहतो. त्याच महिन्याच्या ३० तारखेस तेलंगणा शासनाने कच्च्या अंड्यापासून केलेल्या मेयोनेझवर एक वर्षाची बंदी घातली. केरळने असेच पाऊल जानेवारी २०२३ मध्ये उचलले होते.

कायद्याची चौकट कमकुवत नाही. १९५४ चा जुना कायदा मुख्यतः भेसळ पकडण्यासाठी होता. दुधात पाणी आणि तिखटात विटकरीची भुकटी, हे त्याचे शत्रू. २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा ऑगस्ट २०११ पासून अमलात आला आणि भटारखान्याची व्यवस्थाच त्याच्या कक्षेत आली. परंतु त्याचे घड्याळ पाहावे. अधिकाऱ्याने घेतलेल्या नमुन्याचा अहवाल देण्यास विश्लेषकास १४ दिवस मिळतात. सुधारणेची नोटीस बजावली तर मालकासही किमान १४ दिवसांची मुदत द्यावी लागते. तातडीने दुकान बंद करण्याची तरतूद आहे, ती गंभीर धोक्यासाठी. न्यायाच्या दृष्टीने हे रास्तच आहे. पुराव्याशिवाय कोणाचा धंदा बुडवू नये. तथापि ताट मात्र पंधरा मिनिटांत रिकामे होते. नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्याच देगेतले बाकीचे अन्न शेकडो पोटांत गेलेले असते.

तेव्हा तपासनीसाने भटारखान्यात शिरताच प्रथम उष्णतामापक मागावा. मांसाच्या खोक्यावर तारीख आहे काय, शीतकपाटातील उष्णतेची रोजची नोंद कोण करतो, हात धुण्याच्या जागी साबण आहे काय, हे प्रश्न रंगाच्या डबीपेक्षा मोलाचे. जुलाब होत असतानाही कामावर येणाऱ्या आचाऱ्याचा रोज कापला जातो की त्यास सुटी मिळते, हा प्रश्न तर कोणत्याही छापील तक्त्यात ठळकपणे दिसत नाही. आणि जंतूंचा प्रवास अनेकदा तेथूनच सुरू होतो. याच शहरात, तार्नाका भागात, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती निलगिरीतील कुन्नूरहून येथे आली, आणि त्या काळी तिची धुरा डॉ. व्ही. एन. पटवर्धन या मराठी शास्त्रज्ञाकडे होती. अन्नशास्त्राचे इतके मोठे पीठ उशाशी असताना शेजारच्या भटारखान्यात एक उष्णतामापक नसावा, ही मौजेची गोष्ट नव्हे.

उरतो तो हातगाडीवाल्याचा प्रश्न. मोठ्या उपाहारगृहास दंड परवडतो, वकीलही परवडतो. अन्नामुळे मृत्यू ओढवल्यास वारसांना किमान ५ लाख रुपये भरपाई मिळावी, असे कायदा म्हणतो. ज्याच्या शीतकपाटाचे दार दुरुस्त होण्याची वाट पाहत होते, त्या विक्रेत्याकडून ती रक्कम कशी वसूल व्हावी? लहान विक्रेत्यास केवळ नोंदणी पुरते. पण ती नोंदणी करताना त्याला बर्फाची पेटी, वाहते पाणी आणि अर्ध्या दिवसाचे शिक्षण मिळते की नुसता एक क्रमांक, यावर नंदीनगरसारख्या गल्लीतील पुढच्या संध्याकाळी अवलंबून आहेत.