ढासळलेल्यांना धीर देताना

बायबलच्या जुन्या करारात हाग्गय संदेष्ट्याचं पुस्तक आहे. अवघे दोन अध्याय. कवीला हेवा वाटावा इतकं आटोपशीर.

इ.स.पूर्व 586 मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, शलमोनाने बांधलेलं मंदिर पाडलं. इ.स.पूर्व 538 मध्ये इराणच्या कोरेश राजाने ज्यूंना परतण्याची मुभा दिली. परतलेल्यांनी मंदिराचा पाया घातला, पण शेजाऱ्यांचा विरोध झाला आणि काम थांबलं. लोक आपापल्या घरांना लागले. मंदिराचं ‘बघू पुढं’.

इ.स.पूर्व 520 मध्ये हाग्गयाने त्यांची कानउघाडणी केली आणि तेवीस दिवसांत काम सुरू झालं. कानउघाडणी काय, कुणीही करतो. मला मोठा वाटतो तो त्याचा पुढचा प्रसंग.

काम सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. मांडवांच्या सणाचा सातवा दिवस होता. सण सुगीचा, पण त्या वर्षी पाऊस नव्हता, पीक बुडालेलं. शलमोनाच्या मंदिराचं अर्पणही पूर्वी याच महिन्यात झालेलं, त्यामुळे तुलना होणारच. जुनं मंदिर लहानपणी पाहिलेली माणसं आता सत्तरीपलीकडची. पाया घातला तेव्हा अशीच म्हातारी माणसं मोठ्याने रडली होती. तरुणांचा जल्लोष कुठला आणि त्यांचं रडणं कुठलं, ते ऐकणाऱ्याला कळेना.

अशा वेळी पुढारी म्हणतात, ‘छान चाललंय!’ हाग्गयाने त्या म्हाताऱ्यांनाच विचारलं, की जुनं वैभव कुणी पाहिलंय, आणि त्यापुढे हे काहीच वाटत नाही ना? मनातली सल त्याने चारचौघांत बोलून टाकली. मगच धीर दिला. सुभेदार जरुब्बाबेलाला वेगळा, मुख्य याजक यहोशवाला वेगळा, आणि साध्या लोकांनाही वेगळी हाक मारून. कामाला लागा, देव तुमच्याबरोबर आहे.

पुढच्याच महिन्यात जखऱ्या संदेष्टा बोलू लागला. (आमचे हजरत जकरिया, याह्यांचे वडील, ते निराळे.) लहानशा सुरुवातीला हिणवणाऱ्यांना त्याने दाखवला तो जरुब्बाबेलाच्या हातातला ओळंबा! गवंड्याचं साधं हत्यार.

हे दोघे नुसते बोलून घरी गेले नाहीत. बांधणाऱ्यांच्या सोबत राहून ते मदत करत होते, असं एज्राचं पुस्तक सांगतं. मधे फरात नदीपलीकडच्या प्रांताचा सुभेदार येऊन ठेपला. परवानगी कुणाची, बांधणाऱ्यांची नावं काय, अशी चौकशी झाली, दारयावेश राजाकडे पत्र गेलं. उत्तर येईपर्यंत काम चालूच होतं. इ.स.पूर्व 515 मध्ये मंदिर पुरं झालं.