हप्ता आधी, पगार नंतर
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' असा विषय दिला होता. पण सकाळी चहाच्या वेळी तुमच्यापैकी चौघांनी मला बाजूला घेऊन दुसरंच विचारलं. मुलगी आर्ट्सला जायचं म्हणते, राज्यशास्त्र घेते म्हणते, त्यात पोट भरेल का? आपली मुलं आता दहावी-बारावीत आहेत, म्हणून संयोजकांच्या परवानगीने यावरच बोलते.

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरी आला होता. माझ्या भावाचं गावी किराणा दुकान आहे. त्याच्या मुलीला बारावीनंतर पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात राज्यशास्त्राला प्रवेश मिळाला. फी, वसतिगृह, जेवण धरून वर्षाला सहा लाख. तीन वर्षांचे अठरा. भावाजवळ तीन लाख होते, म्हणजे पंधरा लाखांचं कर्ज. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक बहुधा तारण मागते, आणि तारण द्यायला आमच्याकडे एकच गोष्ट आहे, वडिलांनी बांधलेलं घर. आई अजून त्याच घरात राहते.

मग मी माझ्या सवयीने तक्ता मांडला. दरवर्षी पाच लाख उचलायचे, व्याज दहा टक्के. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो, त्यामुळे लोकांना वाटतं की तेवढा काळ फुकट आहे. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतं. सरळ व्याज धरलं तरी पहिला हप्ता येईपर्यंत पंधरा लाखांचे साडेएकोणीस लाख होतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे २५,८०० रुपये. पंधरा वर्षांवर नेले तर २१,०००, पण मग एकूण भरणा पावणेअडतीस लाखांच्या घरात जातो. पहिला पगार मी महिना तीस हजार धरला होता. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलीने त्यातून २५,८०० भरायचे आणि उरलेल्या ४,२०० रुपयांत महिना काढायचा!

शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट मिळते, असं बँकेत आवर्जून सांगतात. आठ वर्षं, सगळं खरं. पण ती फक्त जुन्या करप्रणालीत आहे, आणि वर्षाला तीन लाख साठ हजार मिळवणाऱ्या मुलीला मुळात करच लागत नाही, तर सूट कशातून घेणार?

आता तुम्ही म्हणाल, मग विषयच बदला, कॉम्प्युटर घ्या. तसं मला म्हणायचं नाही. पंधरा लाख कर्ज काढून मध्यम दर्जाच्या कॉलेजात इंजिनिअरिंग केलं तरी हप्ता तितकाच येतो. फरक आहे तो पगार कधी येतो याचा. आमच्या क्षेत्रात कमाई, झाली तर, लवकर सुरू होते. राज्यशास्त्राची चांगली कमाई उशिरा येते. वकिली करायची तर पदवीनंतर तीन वर्षं एलएल.बी. आणि मग कुणातरी ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली उमेदवारी. प्राध्यापकी करायची तर एम.ए., नेट, पीएच.डी. नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० मिळतात, पण ती मोजक्यांनाच. बाकीच्यांची कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर जातात. यूपीएससीला दरवर्षी लाखो अर्ज आणि जागा हजाराच्या आसपास. शिवाय स्पर्धा परीक्षेची तयारी बँकेच्या लेखी शिक्षण नव्हे, त्या काळात हप्ता थांबत नाही. म्हणजे ज्या वर्षांत या विषयाच्या विद्यार्थ्याला धीर धरायचा असतो, नेमक्या त्याच वर्षांत मोठं कर्ज त्याला धीर धरू देत नाही. तो मिळेल ती नोकरी धरतो आणि राज्यशास्त्र मागे पडतं.

हे सगळं मी भाचीला दाखवलं. तिने शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "आत्या, यात शिक्षक कुठल्या रकान्यात आहेत?"

तसा रकाना नव्हता. तिथे वर्गात तीस मुलं, अनुदानित महाविद्यालयात एकशेवीस. तिथे निबंध लिहून घेतात आणि प्रत्येकाशी बसून त्यावर बोलतात. त्याची किंमत मला आकड्यात मांडता येईना, आणि ती शून्य आहे असंही म्हणता येईना. आपल्याला नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या मागे जोडलेली चार पानं एवढंच माहीत. पण आपल्या वर्गातली जी मैत्रीण दोनदा सरपंच झाली, तिला विचारा. महिलांना पन्नास टक्के आरक्षण होतं म्हणून खुर्ची मिळाली. वित्त आयोगाचा बंधित निधी कोणता, अबंधित कोणता, हे ग्रामसभेत सांगताना मात्र तिला स्वतःच वाचून शिकावं लागलं. हे नीट शिकवणारं कुणी असेल तर त्याला मोल आहेच.

शेवटी भाचीनेच वेगळा प्रश्न मांडला: हेच पैसे कधी खर्च करायचे? पदवी पुण्यातल्या अनुदानित महाविद्यालयात. तिथली फी वर्षाला काही हजारांत आहे, खरा खर्च राहण्या-जेवणाचा. त्यासाठी वर्षाला लाख, असं तीन लाखांचं कर्ज. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, फक्त आई किंवा वडील सहकर्जदार. सात वर्षांत फेडलं तर हप्ता साडेसहा हजारांच्या आत. मुलींना बऱ्याच सरकारी बँका व्याजात अर्धा टक्का सूट देतात, ती मी धरलेली नाही. मोठं कर्ज काढायचंच झालं तर एम.ए.ला किंवा कायद्याला, तेही आपल्याला नक्की काय करायचंय हे कळल्यावर. भावाला हे पटायला दोन आठवडे लागले. त्याला वाटत होतं, आपल्या ऐपतीमुळे मुलीचं कमी होतंय. तसं थोडं झालंच, हे मी त्याच्यापासून लपवलं नाही. पुस्तकं आणि एकदोन चांगल्या कार्यशाळांचा खर्च आत्याकडे आला आहे.

तुमच्यापैकी ज्यांचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत आहे त्यांनी आणखी एक बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, आणि दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होण्याआधीच्या काळात व्याजात तीन टक्के सवलत आहे. पण ती ठरावीक संस्थांपुरतीच आहे. यादीत नाव आहे का, हे प्रवेशाचे पैसे भरण्याआधी पाहा. आणि संस्थेत 'पॅकेज' विचारायला गेलात तर फलकावरचा सर्वांत मोठा आकडा घेऊन येऊ नका. राज्यशास्त्राच्या मागच्या तुकडीतली मधल्या नंबरची मुलगी आज काय करते, ते विचारा.

तक्ता आपल्या बॅचच्या ग्रुपवर टाकला आहे. पिवळ्या रकान्यांत आपापले आकडे भरा. बाकीच्यांना हात लावू नका, सूत्रं बिघडतात.