नंबर ज्याचा, परवानगी त्याची



गोदाकाठच्या या व्याख्यानमालेत मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमची शाळा म्हणजे सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे फाटक. तेव्हा फाटकावरचीच गोष्ट सांगतो.

कामगार संघटनेचा पाया म्हणजे नावांची यादी. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांना एकत्र केले, तेव्हा साडेपाच हजार जणांनी मागण्यांच्या अर्जावर सह्या केल्या. पुढे 1926 च्या कायद्याप्रमाणे संघटना नोंदवायची, तर निदान सात सभासदांना आपले नाव, धंदा आणि पत्ता लिहून द्यावा लागे. यात धोका होताच. पण प्रत्येकाने स्वतःची भाकरी पणाला लावली होती, शेजाऱ्याची नव्हे.

आज यादी मोबाईलमध्ये आली आणि हा भेद आम्हीच विसरलो. कंत्राटी कामगारांसाठी आम्ही व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला. वर्गणी कोणाची राहिली हे कळावे, म्हणून आमच्यापैकी एकाने नाव, नंबर, पत्ता अशी सगळी वहीच फोटो काढून ग्रुपवर टाकली. हेतू वाईट नव्हता. पण चार दिवसांत ती यादी ठेकेदाराच्या टेबलावर गेली आणि एका भगिनीला रात्री-अपरात्री फोन येऊ लागले. तिने आधी ग्रुप सोडला, मग संघटना. आम्ही घरी गेलो, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "भाऊ, नंबर मी तुम्हाला दिला होता, गावाला नाही."

कोणी म्हणेल, ज्याच्या मनात पाप नाही त्याने नंबर का लपवावा? अहो, घराला दार लावतो तो काय चोर असतो? त्याच नंबरावर बँकेचा ओटीपी येतो. शेजारी नाव-पत्ता मिळाला की ठकाला नावाने हाक मारून विश्वास संपादन करता येतो. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. परंतु न्यायालय काही आपल्या ग्रुपवर येऊन बसत नाही. तेथे आपणच एकमेकांचे राखणदार.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. विचारल्यावाचून कोणालाही ग्रुपमध्ये घेऊ नये. कारण तेथे अनोळखी माणसालाही त्याचा नंबर दिसतो. कोणी तिसऱ्याचा नंबर मागितला, तर आधी त्या तिसऱ्याला विचारावे. आणि यादी एका जबाबदार माणसापाशी ठेवावी, ग्रुपवर टाकू नये. एवढे करूनही कोणी पैशाला फसलाच, तर लाजत न बसता तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवावे.

आमच्या वहीत आता नंबरापुढे एक रकाना वाढला आहे: 'कोणाला देण्यास हरकत नाही?' तो ज्याचा त्यानेच भरायचा. ती भगिनी अजून संघटनेत परतलेली नाही. तिच्या नावापुढचा रकाना आम्ही कोरा ठेवला आहे.