काम पसंत नाही? मग १५ दिवसांत लिहून कळवा

कल्याण-भिवंडी रोडवरच्या कोनमधून बोलतोय, त्यामुळे मागे ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या.

आजचा विषय: कॉन्ट्रॅक्टवर घेतलेल्या टेक्निकल रायटरचं काम पसंत पडलं नाही तर काय करायचं? टेक्निकल रायटर म्हणजे सॉफ्टवेअरचं मॅन्युअल, एपीआयची माहिती वगैरे लिहून देणारा.

समजा, एका छोट्या कंपनीने ३० हजारांत मॅन्युअल लिहून घेतलं. फाइल आली, पण महिनाभर कुणी उघडलीच नाही. बिल मागितल्यावर मालक म्हणतो, "काम बरोबर नाही, पैसे मिळणार नाहीत." रायटर म्हणतो, "मग इतके दिवस का नाही बोललात?"

आता आमच्या भिवंडीतला पॉवरलूमचा धंदा बघा. व्यापारी सूत देतो, लूमवाला मजुरीवर कापड विणतो. मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांवर ठरते. इंचाला किती पिक, पन्हा किती, हे आधीच ठरलेलं. त्यामुळे वाद झाला तरी तागा उलगडून, मोजून बोट ठेवता येतं. आपण मात्र ऑर्डर देतो, "चांगलं डॉक्युमेंटेशन करून द्या." आता चांगलं म्हणजे किती पिक?

कायदाही हेच विचारतो. रायटरची 'उद्यम' नोंदणी असेल, तर २००६ चा एमएसएमई विकास कायदा लागू होऊ शकतो. त्यात काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर काम स्वीकारलं असं धरतात. करारात काहीही लिहा, पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज! तक्रार सुविधा परिषदेकडे जाते. तिथे आधी समेट, नाही जमलं तर लवाद. म्हणून रायटर मित्रांनो, काम घेण्याआधीच नोंदणी करून ठेवा.

काम घेणाऱ्यांनी काय करायचं? फाइल आली की त्याच आठवड्यात तपासा. "मजा नाही आली" असं लिहू नका. "लॉगिनची तिसरी पायरी चुकीची आहे, एररची यादी अपुरी आहे" असं मुद्देसूद ईमेल करा आणि दुरुस्तीला तारीख द्या. ठरलेल्या यादीबाहेरचं काही हवं असेल, तर ती दुरुस्ती नाही, नवीन काम आहे. त्याचे वेगळे पैसे.

तरीही जमलं नाही, तर वापरण्याजोगा भाग वेगळा काढा, त्याचे पैसे द्या आणि हिशोब लेखी मिटवा. पण "काम बेकार आहे" म्हणून पैसे अडवायचे आणि तेच मॅन्युअल ग्राहकांना पाठवायचं, हे चालणार नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० सांगतं, फुकट न केलेल्या कामाचा फायदा घेतला तर मोबदला द्यावा लागतो. शिवाय फ्रीलान्सरच्या लिखाणाचा कॉपीराइट लेखी करार नसेल तर सहसा त्याच्याकडेच राहतो.

म्हणून पुढची ऑर्डर देण्याआधी पाच ओळी लिहा: काय हवं, किती हवं, तपासणार कोण, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कधी. व्हॉट्सॲपवर लिहा, पण लिहा. आणि तुमचा असा काही वाद अडकला असेल तर आजच तारखा तपासा. १५ दिवस भुर्रकन जातात!

भेटू पुढच्या एपिसोडला.