मार्क्याची राखण

श्रोतेहो, ज्वारी हुरड्यात आली की गोफण घेऊन माळ्यावर बसावे लागते. पेरले तुम्ही, खुरपले तुम्ही. पण पाखरे हाकलली नाहीत तर कणसात काही उरत नाही. व्यापारातल्या मार्क्याचे असेच आहे. लिहिलेल्या पुस्तकाचे मात्र तसे नाही.

समजा, निमोण्याचा एखादा बचत गट शेंगदाण्याची चटणी करतो आणि पुडीवर एक नाव घालून शिरूरच्या बाजारात विकतो. नाव लोकांच्या तोंडी बसते न बसते, तोच तसल्याच पुडीत, जवळजवळ त्याच नावाची दुसरी चटणी येते. आता काय करायचे? नाव नोंदलेले असेल तर १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने सरळ दावा लावता येतो. नोंदलेले नसले तरी, आमच्या नावावर आपला माल खपवला, अशी फिर्याद चालते. पण मग गिऱ्हाईक त्या नावाने आपलाच माल ओळखत होते हे शाबीत करावे लागते. म्हणून जुनी बिले, वह्या, पुड्या टाकू नका. दावा जिल्हा न्यायालयात. आणि नाव नोंदलेले असेल तर फिर्यादी जिथे धंदा करतो तिथले न्यायालय चालते. ठकवणारा नागपूरचा असला तरी बायांना पुणे पुरे.

नोंदणी १० वर्षांची, ती कितीही वेळा वाढवता येते. पण नोंदलेले नाव ५ वर्षांहून अधिक काळ वापरलेच नाही, तर ते काढून टाका म्हणून दुसरा अर्ज करू शकतो. आणि आपल्याआधी कुणी तेच नाव वापरत असेल, तर नोंदणीचा कागद त्याच्यापुढे लंगडा पडतो.

पुण्यातलेच उदाहरण घ्या. लष्कर भागात एका इराणी दांपत्याचे 'बर्गर किंग' नावाचे उपाहारगृह १९९२ पासून होते. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये दावा लावला. तिची हिंदुस्थानातली नोंदणी जुनी, पण इथले पहिले दुकान २०१४ चे. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दावा फेटाळला. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत ते नाव वापरण्यास मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. कायदा दोघांना एकच, पण इतकी वर्षे वकील पोसणे लहान दुकानदाराला किती जड जाते, हे मी काय सांगावे!

आता गुरुजींकडे वळू. दिवाळीच्या सुटीत त्यांनी घरी बसून एक नाटुकले लिहिले. फी नाही, नोंद नाही. कागदावर उतरले की १९५७ च्या कायद्याने हक्क त्यांचा. शेजारच्या शाळेने मुलांच्या आणि पालकांपुढे ते केले, तर गुन्हा नव्हे. पण छापखानेवाल्याने छापून विकले, तर गुरुजी त्याला अडवू शकतात. "कुणी फसले नाही, खाली गुरुजींचेच नाव आहे", हा बचाव तिथे चालत नाही. मार्क्याच्या भांडणात मात्र गिऱ्हाईक फसेल का, हाच मुख्य सवाल. गुरुजी दहा वर्षे गप्प राहिले म्हणून त्यांचे नाटुकले बेवारस होत नाही. त्यांच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षे हक्क टिकतो.

एक बारकावा राहिला. चटणीच्या नुसत्या नावाला लेखनहक्क मिळत नाही; पुडीवरच्या चित्राला मिळतो. ते चित्र गावातल्या पेंटरने काढले असेल, तर हक्क त्याच्याकडून लेखी घ्या, आणि किती वर्षांसाठी तेही लिहा. मुदत लिहिली नाही, तर कायदा ५ वर्षेच धरतो.